वेबसाइट चालू झाली, पण गूगलवर सापडत नाही: आधी ती कुठे अडली आहे ते बघा

चतुर्थी आटोपली की मला एकाच प्रकारचे फोन येऊ लागतात. पावसाळ्यात हाताशी वेळ असतो म्हणून लोक जून ते ऑगस्टमध्ये वेबसाइट करून घेतात. ऑक्टोबरपासून पर्यटकांची वर्दळ सुरू होते आणि तेव्हा कळतं, की गूगलवर स्वतःचं नाव टाकलं तरी आपलं पान येत नाही. यंदा पहिला फोन गोव्यातल्या सावईवेऱ्याहून आला. नात्यातल्या एका वहिनींनी कुळागरातल्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतल्या, जुन्या घरात दोन खोल्यांचं होमस्टे सुरू केलंय. "भावजी, तीन म्हयने जाले, गूगलाचेर कितेंच दिसना," त्या म्हणाल्या. त्यातच कुणीतरी त्यांना फोन करून 'पहिल्या नंबरवर आणून देतो, वर्षाचं पॅकेज घ्या' असं सांगितलं होतं आणि त्या पैसे भरायच्या बेतात होत्या. म्हटलं, थांबा, रविवारी येतो, तोवर एक पैसाही देऊ नका.

त्या रविवारी जे जे तपासलं ते इथे लिहितोय. फोंडा, डिचोली, पेडणे, कुठूनही फोन आला तरी तक्रार तीच असते आणि मलाही दरवेळी तेच सांगावं लागतं.

'गूगलवर दिसत नाही' या एका वाक्यात तीन वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. एक, गूगलचा रोबोट, म्हणजे गूगलबॉट, तुमच्या पानापर्यंत पोचलेलाच नसतो. दुसरा, तो येऊन वाचून गेला, पण पान त्याने नोंदवून ठेवलेलं नसतं. तिसरा, नोंद आहे, पण शोधणाऱ्याला ते दहाव्या पानावर दिसतं. पॅकेज विकणारे सगळे तिसऱ्यावर औषध देतात. माझ्याकडे आलेल्या नव्या वेबसाइटी मात्र बहुतेक वेळा पहिल्या नाहीतर दुसऱ्या टप्प्यावर अडकलेल्या असतात. ज्या पानाची नोंदच नाही त्याला वर चढवणार कसं?

पहिली तपासणी: नोंद आहे का?

गूगलच्या चौकटीत रोमन अक्षरांत 'साइट' लिहा, त्याला लागून अपूर्णविराम (:) द्या आणि मधे जागा न सोडता आपलं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, लिहा. तुमची पानं आली तर नोंद झालेली आहे. काहीच आलं नाही तर पुढे वाचा. ही झटपट तपासणी आहे एवढंच. ती सगळी पानं दाखवेलच असं नाही. खात्रीचं उत्तर सर्च कन्सोलमध्ये मिळतं. हे गूगलचं फुकट मिळणारं साधन २०१५ पर्यंत वेबमास्टर टूल्स या नावाने ओळखलं जायचं.

सर्च कन्सोल स्वतःच्या जीमेलवर उघडा. हे मी कळकळीने सांगतोय, कारण वेबसाइट करून देणारा मुलगा ते आपल्या खात्यावर उघडतो, पुढे तो बेंगळुरूला नोकरीला जातो आणि मालकाकडे किल्लीच राहत नाही. डोमेनचंही तसंच: ते तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर असायला हवं. सर्च कन्सोलमध्ये 'डोमेन' प्रकार निवडलात तर डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये टीएक्सटी प्रकारची एक ओळ घालावी लागते. काम पाच मिनिटांचं आहे. त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला, नसलेला, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस असे सगळे पत्ते एकत्र येतात. दुसऱ्या प्रकारात नेमका एकच पत्ता घेतला जातो, आणि लोक चुकीचा पत्ता घालून रिकामा तक्ता बघत बसतात.

मग वरच्या चौकटीत आपल्या मुख्य पानाचा पत्ता टाका. याला यूआरएल इन्स्पेक्शन म्हणतात. पान नोंदलंय की नाही आणि नसल्यास का नाही, हे तिथे गूगलच सांगतं.

कुलूप आतूनच लावलेलं असतं

वहिनींच्या पानाबद्दल उत्तर आलं: 'नोइंडेक्स' खुणेमुळे वगळलं. म्हणजे गूगल आला होता, पण पानावरच लिहिलेलं होतं की मला नोंदवू नका.

नव्या वेबसाइटींचा मला सर्वांत जास्त वेळा सापडलेला बिघाड हाच. वर्डप्रेस या वेबसाइट बांधायच्या साधनात सेटिंग्जच्या आत रीडिंग म्हणून एक पान आहे. त्याच्या तळाशी 'डिस्करेज सर्च इंजिन्स' अशी सुरुवात असलेली एक चौकट असते. वेबसाइट बांधत असताना अर्धवट पानं लोकांना दिसू नयेत म्हणून करणारा तिथे टिक लावतो. काम संपल्यावर ती काढायची राहते. वहिनींच्या बाबतीत तीन महिने ती तशीच होती. मीही एकदा एका भजनी मंडळाच्या वेबसाइटवर हीच चूक केली आणि त्यांचा सप्ताह उलटून गेल्यावर ती माझ्या लक्षात आली. त्या लोकांची मी माफी मागितली. तेव्हापासून कोणतीही वेबसाइट सोपवण्याआधी ही चौकट मी दोनदा बघतो.

इथे एक गुंता नीट समजून घ्या, कारण त्यात भले भले चुकतात. रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये 'इथे येऊ नका' असं लिहिता येतं आणि नोइंडेक्स खुणेने 'नोंदवू नका' असं सांगता येतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोबोट्सच्या फाइलमध्ये मनाई केली तर गूगल पान वाचत नाही, पण दुसरीकडून त्याचा दुवा मिळाला तर नुसता पत्ता नोंदवू शकतो. मग शोधात पानाचं नाव येतं आणि खाली वर्णनच नसतं. नोइंडेक्स खूण मात्र वाचण्यासाठी गूगलला पानावर यावं लागतं. दोन्ही एकदम लावलीत तर मनाईमुळे तो आत येत नाही आणि आत न आल्यामुळे खूण वाचत नाही. वर्डप्रेसची ही चौकट पूर्वी रोबोट्सची मनाई घालायची. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून ती नोइंडेक्स खूण घालते. म्हणून जुने लेख वाचून रोबोट्सची फाइल शोधत बसू नका, चौकट बघा.

चौकटीत टिक नसेल आणि तरी नोइंडेक्स सांगत असेल तर आणखी दोन जागा बघायच्या. एसइओचं, म्हणजे शोधात वर येण्यासाठीचं, प्लगइन टाकलं असेल तर त्यात प्रत्येक पानासाठी वेगळी सेटिंग असते. दुसरी जागा सहज दिसत नाही: सर्व्हर पानासोबत जे न दिसणारे मथळे (हेडर) पाठवतो त्यांतही ही मनाई असू शकते, आणि पानाचा सोर्स उघडून ती सापडत नाही. होस्टिंगवाल्याला 'एक्स रोबोट्स टॅग' लावलाय का, एवढंच विचारा, त्याला कळेल. 'लवकरच येत आहोत'चं पान अजून चालू आहे का किंवा सुरक्षेच्या प्लगइनने रोबोटलाच अडवलंय का, हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या.

टिक काढल्यावर कॅश, म्हणजे पानाची साठवून ठेवलेली प्रत, साफ करा, नाहीतर जुनंच पान जात राहतं. मग इन्स्पेक्शनमध्ये 'टेस्ट लाइव्ह यूआरएल' दाबा आणि हिरवी खूण आल्यावरच 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' दाबा. एका पानासाठी एकदाच पुरे. रोज दाबल्याने रांगेत पुढे जाता येत नाही, उलट दिवसाची मर्यादा फुकट जाते.

मराठी दिसतं, पण ते मराठी नसतं

या भागाबद्दल मला खूप सांगायचंय. आपल्याकडे कितीतरी चांगला मजकूर यामुळे वाया जातो आणि हे इंग्रजी लेखांत कुठेच सापडत नाही.

देवस्थानांची माहिती, नाट्यमंडळांचे इतिहास, जत्रेच्या पुस्तिका, शाळांच्या स्मरणिका हे सगळं साहित्य आपल्याकडे वर्षानुवर्षं डीटीपीवाल्याकडे टाइप झालं. ते शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांत आहे. या फॉन्टांत आतली अक्षरं रोमन असतात आणि त्यांच्यावर देवनागरीचा फक्त आकार चढवलेला असतो. ती फाइल वेबसाइटवर चढवली, सोबत फॉन्ट जोडला, की आपल्याला स्वच्छ मराठी दिसतं. गूगलला फॉन्टशी देणंघेणं नाही, तो आतली अक्षरं वाचतो. त्याच्या लेखी तुमचं पान म्हणजे अर्थहीन रोमन अक्षरांचा ढीग. 'मंगेशी' असा शोध घेणाऱ्याला ते पान कधीच मिळणार नाही.

तपासायला वेळ लागत नाही. पानावरची एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपच्या संदेशात पेस्ट करा. मराठीच उमटलं तर युनिकोड आहे, म्हणजे आतली अक्षरंही खरी देवनागरी आहेत, काळजी नाही. भलतीच रोमन अक्षरं उमटली तर बिघाड सापडला. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक फुकट मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार, 'ऱ्या', 'ॲ', पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. घरात कुणी निवृत्त शिक्षक असतील तर त्यांना एकदा वाचायला द्या; माझ्या काकांनी एका स्मरणिकेची साठ पानं अशी तपासून दिली, आणि ते पुस्तक आज ओळीओळीने शोधता येतं.

पीडीएफचंही असंच आहे. जुन्या फॉन्टातून केलेली पीडीएफ दिसायला देखणी, पण शोधायला आंधळी. मजकूर चित्रात घालून चढवणं त्याहून वाईट. नाटकाचं हँडबिल, खानावळीचा दरफलक, जत्रेची निमंत्रणपत्रिका, सगळं फोटो काढून टाकलेलं असतं आणि पानावर लिहिलेला एक शब्द नसतो. फोटो जरूर ठेवा, पण तारीख, ठिकाण, नावं आणि दर खाली टाइप करा, आणि फोटोच्या पर्यायी मजकुरात (ऑल्ट टेक्स्टमध्ये) त्यात काय आहे ते एका वाक्यात लिहा.

पत्त्याबद्दलही एक गोष्ट. देवनागरी पत्ता गूगलला चालतो. पण पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही प्रत्येकी वेगळी मोजली जातात. वर्डप्रेस पत्त्याला २०० चिन्हांवर कात्री लावतं, म्हणजे जेमतेम २२ देवनागरी चिन्हं. 'गोव्यातील पावसाळी पर्यटन: सत्तरी' आणि 'गोव्यातील पावसाळी पर्यटन: सांगे' असे दोन लेख लिहिलेत, तर दोन्ही पत्ते 'पर्यटन'च्या आसपास तुटतात आणि दुसऱ्यापुढे नुसता २ चा आकडा लागतो. पत्ता स्वतः लिहा, दोन-तीन शब्दांचा, आणि पान प्रसिद्ध करण्याआधीच. नंतर बदललात तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ प्रकारचं रीडायरेक्ट लावायला विसरू नका.

'कळलंय' आणि 'वाचलंय' यांत फरक आहे

सर्च कन्सोलच्या पेजेस या अहवालात दोन कारणं सारखी दिसतात, पण त्यांचे उपाय उलट आहेत. 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे पानाचा पत्ता गूगलला ठाऊक आहे, तो अजून आलेला नाही. 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे तो येऊन वाचून गेला आणि तूर्त ठेवावंसं त्याला वाटलं नाही.

पहिल्यात वाट मोकळी करायची. मुख्य पानावरून त्या पानाला दुवा द्या, साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी, सर्च कन्सोलमध्ये सादर करा आणि सर्व्हर रेंगाळत असेल तर होस्टिंग बदला. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते मावतात, त्यामुळे आपल्यासारख्यांना एकच फाइल आयुष्यभर पुरते. साइटमॅपची वर्दी गूगलला पुन्हा पुन्हा पाठवणाऱ्या जुन्या युक्त्या आता निरुपयोगी आहेत, ती सोय गूगलने २०२३ मध्ये बंद केली.

दुसऱ्यात मजकुराकडे बघावं लागतं. वहिनींच्या खोल्यांच्या पानावर जो मजकूर होता, तोच शब्दशः दोन बुकिंग वेबसाइटींवर होता. एकच मजकूर अनेक ठिकाणी दिसला की गूगल सहसा त्यातलं एकच पान दाखवतो, आणि ते नव्या वेबसाइटचं क्वचितच असतं. शिवाय 'निसर्गाच्या कुशीत, घरापासून दूर एक घर' हे वाक्य काणकोणपासून पेडण्यापर्यंत कुणालाही लागू पडतं. मी वहिनींना म्हटलं, पाहुणे तुम्हाला फोनवर काय विचारतात तेवढं सांगा. त्या बोलत गेल्या, मी लिहीत गेलो. फोंड्याहून शेवटची बस कधी? रात्री उशिरा रिक्षा मिळते का? कुळागरात मोबाइलची रेंज कुठल्या कोपऱ्यात येते? सोमवारी मासे मिळतील का? वयस्कर आईला पाटाच्या कडेने चालता येईल का? सुपारी कधी उतरवतात, ती बघता येते का? पंधरा-वीस प्रश्न झाले. दुसऱ्या कुठल्याही वेबसाइटवर नसलेला मजकूर तो हाच, आणि त्यासाठी लेखक बोलवावा लागत नाही.

मार्गाव, मडगाव आणि बाकीची गावं

आपल्या गावांना दोन-दोन, तीन-तीन रूपं आहेत. देवनागरीत आपण पणजी, म्हापसा, मडगाव, साखळी असं लिहितो. रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, पणजीची दोन रूपं चालतात, मडगावच्या सरकारी स्पेलिंगचा उच्चार भलताच होतो आणि रेल्वे स्थानकावर मात्र मडगाव असंच लिहिलेलं असतं. साखळी आणि डिचोलीचं पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग बघून परप्रांतीयाला ते गाव ओळखू येणार नाही. मोठ्या शहरांची रूपं गूगल जुळवून घेतो, पण लहान गावांच्या आणि वाड्यांच्या बाबतीत मी त्याच्यावर सोडत नाही. वहिनींच्या पानावर फक्त 'सावई' या उच्चाराचं रोमी रूप होतं, आणि फलकांवर, नकाशांवर 'सावोई' असतं. आता पत्त्यात एक रूप आहे, 'कसं यायचं' या भागात दुसरं. वाक्यात सहज बसेल तिथे घालायचं. तळाला फिक्या रंगात वीस नावांची रास घालणं हा गूगलच्या नियमांचा भंग आहे, ते करू नका. आणि 'मेटा कीवर्ड्स' भरण्याचे पैसे कुणी मागत असेल तर सरळ नाही म्हणा. गूगल शोधातल्या क्रमासाठी ती खूण वापरत नाही, आणि हे त्याने २००९ मध्येच जाहीर केलंय.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही हवं असेल तर दोन वेगळी पानं करा, प्रत्येकाचा पत्ता वेगळा. कोपऱ्यातलं बटण दाबल्यावर जागच्या जागी भाषांतर करणारी जी सोय असते, तिने तयार झालेल्या मजकुराला स्वतःचा पत्ता नसतो आणि त्याची नोंद होत नाही.

मोबाइलवरही एकदा स्वतः बघा. गूगल आता मोबाइलवर दिसणारंच पान वाचतो, आणि ५ जुलै २०२४ नंतर मोबाइलवर मुळीच न उघडणारी वेबसाइट नोंदली जात नाही.

खोल्या, खानावळ किंवा दुकान असेल तर गूगल बिझनेस प्रोफाइल वेगळं करावं लागतं, कारण 'जवळपास' असं शोधणाऱ्यापुढे आधी नकाशा येतो. काहींनी पूर्वी त्याच प्रोफाइलमधून फुकटची एकपानी वेबसाइट केली होती. गूगलने ती सेवा मार्च २०२४ मध्ये बंद केली, तरी तो पत्ता अजून व्हिजिटिंग कार्डांवर आणि रस्त्यावरच्या फलकांवर छापलेला दिसतो. तो बदला.

बिंग या दुसऱ्या शोधयंत्राचं काम दहा मिनिटांत होतं. बिंग वेबमास्टर टूल्समध्ये सर्च कन्सोलवरून सगळं आयात करता येतं, आणि डकडकगो हे आणखी एक शोधयंत्र बरेचसे निकाल बिंगकडूनच घेत असल्याने तिथेही फायदा होतो.

किती थांबायचं?

काही दिवस ते काही आठवडे, एवढंच गूगल सांगतो. मी नव्या वेबसाइटला महिना देतो आणि त्या काळात दर रविवारी एकदाच पेजेसचा अहवाल बघतो. बघताना आपल्या नेहमीच्या ब्राउझरवर भरवसा ठेवू नये. आपण रोज तेच पान उघडतो म्हणून ते आपल्याला वर दिसू शकतं. खाजगी खिडकीत बघा किंवा दुसऱ्या गावातल्या पाहुण्याला बघायला सांगा.

'पहिला नंबर' विकणाऱ्यांविषयी मला राग आहे, तो लपवत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतः लिहून ठेवलंय. पाचशे दुवे विकत घेतलेत तर ते नियमाविरुद्ध आहे आणि पैसे जातात ते वेगळेच. त्यापेक्षा ज्यांच्याशी तुमचा खरा संबंध आहे त्यांच्याकडून दोन दुवे मिळवा. वहिनी ज्या बचत गटातून मसाले घेतात त्यांच्या पानावर होमस्टेचं नाव आलं, आणि एका पक्षीनिरीक्षक पाहुण्याने आपल्या प्रवासवर्णनात दुवा दिला.

सावईवेऱ्याचं पुढे असं झालं. टिक काढल्यावर अकराव्या दिवशी मुख्य पान नोंदलं गेलं. दिवाळीपर्यंत होमस्टेचं नाव टाकलं की ते वर येऊ लागलं. 'फोंड्याजवळ होमस्टे' या शोधात मात्र ते अजून बरंच खाली आहे, कारण तिथे मोठ्या बुकिंग वेबसाइटी बसलेल्या आहेत. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात काही जण 'कुळागर कसं असतं' असं शोधत आलेले दिसले. त्यावर वहिनींकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. येत्या रविवारी पाट, माड, पोफळी आणि मिरवेली यांच्यावर एक वेगळं पान लिहायचं ठरलंय. फोटो त्यांचा मुलगा काढून ठेवणार आहे.